धोंड्याच्या महिन्यातलं पाणी

गेल्या आखितीला आमच्या मंगल कार्यालयात दहा हजार पान उठणार होतं. दहा हजार म्हणजे... माझा मित्र गौतम असता तर त्यानं इथंच हात वर केला असता. "संपत, दहानं भाग." आमच्या दोस्तीचा हा कायदाच होता. मी कुठलाही आकडा तोंडातून काढला की तो आधी दहानं भागायचा आणि मग पुढचं ऐकायचा. विहिरीत तीस फुटी अजगर बघितला म्हणालो की हा शांतपणे विचारणार, "तीन फुटाची धामण व्हय रं?" आणि गंमत अशी की ती धामणच असायची. तर भागून सांगतो, हजार पान होतं. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली, माझ्या डाव्या मुठीत अक्षता, आणि खिशात फोन थरथरला. गौतमचा मुलगा सुजित, माधवनगरहून. "काका, बाबा आत्ता गेले." मी "बरं" म्हणालो. ज्यानं जन्मभर मुंगीचा हत्ती करून गावाला हसवलं, त्याला त्या क्षणी एवढा एकच शब्द सापडला. मग 'सावधान' झालं, अक्षता उडाल्या, मीही उडवल्या. स्वयंपाकघरामागं ताटं घासायला बसलेल्या बायकांच्या पुढ्यातून भाताचं, तेलाचं, मठ्ठ्याचं, साबणाचं पाणी पाइपातून खाली ओढ्याकडं निघालं होतं. रोजचाच तो आवाज, पण त्या दिवशी मला तो पहिल्यांदा ऐकू आला. त्याबद्दल लिहायला बसायला मला जवळजवळ आठ आठवडे लागले. हा आकडा खरा आहे.

गौतम कराडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होता. म्हणजे बाटल्या धुवायच्या, सांगाडे झटकायचे, सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसायच्या. पुसता पुसता तो त्यातून बघायला लागला, आणि बघता बघता मोजायला लागला. पाण्यात डोळ्यांना न दिसणारी एक वस्ती असते, काही हिरवी, झाडांच्या जातीची, काही हातपाय मारणारी, सगळी पाण्याबरोबर तरंगत राहणारी. शास्त्रात तिला प्लवक म्हणतात. "पानी चांगलं का वंगाळ ते मला इचारू नगं," तो म्हणायचा, "त्यास्नी इचार. ती खोटं बोलत न्हाईत. पर त्यास्नी मतदान न्हाई, म्हणून कोन इचारत न्हाई." त्याच्या बाटल्यांवर कितीतरी सर लोक डॉक्टर झाले आणि बढतीवर गेले. हा निवृत्त झाला तेव्हा शाल, श्रीफळ आणि कॉलेजनं मोडीत काढलेला एक सूक्ष्मदर्शक घेऊन घरी आला. "एवढ्या वर्सांत मिळालं काय रं तुला?" मी विचारलं. "भिंग मिळालं की," म्हणाला, आणि खरोखर खूश होता.

त्याची जाळी मी साऱ्या जिल्ह्यात प्रसिद्ध केली होती. बारीक विणीच्या नायलॉनचा लांब शंकू, तोंडाला लोखंडी कडी, तळाला बाटली. विमल वहिनींच्या शिलाई मशिनवर तो ती स्वतः शिवायचा आणि धुऊन दोरीवर वाळत घालायचा. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, की हे कुंभकर्णाचं चहाचं गाळणं आहे, गौतमला खणताना सापडलं, आणि पुण्याहून माणसं बघायला येऊन गेली. दोघांतिघांनी तर वहिनींना विचारलंसुद्धा. वहिनी म्हणाल्या, "संपत भावजींनी सांगितलं व्हय? मग दहानं भागा, चहाचंच गाळणं उरंल."

आता एक गोष्ट मी कधी रंगवून सांगत नाही, कारण तिच्यात वाढवण्यासारखं काही नाही. आमच्या गावात ओढ्याची जुनी वाटणी होती, वरचं पाणी आणि खालचं पाणी. आमची आळी वरच्या अंगाला, गौतमची वस्ती खालच्या. आमच्या म्हशी धुतलेलं, आमची भांडी खळबळलेलं पाणी त्याच्या आईच्या घागरीपर्यंत जायचं. ती म्हातारी म्हणायची, "वरच्या आळीत कुनाच्यात काय शिजलं ते आमाला वढा सांगतुया." आम्ही दोघं शाळेत एका बाकावर होतो. मी त्याला पाहिजे तेवढ्या थापा मारल्या, पण त्यानं सांगितलेल्या ह्या वाक्यावर एकही रचली नाही. पुढं नळ आले, वाटणी संपली असं आम्ही म्हणायला लागलो. मी ओढ्याकाठच्या आमच्या रानात मंगल कार्यालय बांधलं. बांधलं ते अर्थातच त्याच्या वस्तीच्या वर.

दर महिन्याला गौतम ओढ्यावर चार जागी पाणी घ्यायचा. पहिली जागा गावाच्या वर, करंजाखाली. दुसरी गावच्या गटाराच्या खाली. तिसरी माझ्या कार्यालयाच्या थोडी पुढं, डोहापाशी. चौथी जिथं ओढा कृष्णेला मिळतो तिथं. प्रत्येक जागी मोजून दहा बादल्या पाणी जाळीतून ओतायचं, तळाच्या बाटलीत जे जमेल ते घरी नेऊन थेंबाथेंबानं मोजायचं. पाण्यात प्राणवायू किती उरलाय तेही तो तपासायचा. काचेच्या नळीतून औषधाचे थेंब सोडत बसायचा, निळा रंग गेला की थांबायचा. मी सोबतीला असायचो. काम त्याचं, तोंड माझं. मी लांबच्या कारखान्याच्या मळीच्या गोष्टी सांगायचो, मळीच्या फेसात एकदा अख्खी बैलगाडी बुडाली, बैल तेवढे शिंगांवरून ओळखून बाहेर काढले, वगैरे. तो हसायचा. तिसऱ्या जागेवर मात्र तो हसायचा नाही, आणि मीही तिथं जरा जास्तच बोलायचो. कारण तिथं घाणेरीच्या झुडपाआड माझा पाइप होता.

गौतमच्या भिंतीवर बुद्धांची तसबीर होती. मुहूर्त-बिहूर्त त्याच्या घरी वडिलांपासूनच बंद. स्वतःचं लग्न त्यानं भर अमावास्येला केलं, रविवार होता म्हणून. आणि असल्या माणसाला तालुक्यातल्या भटजींपेक्षा जास्त मुहूर्त पाठ होते. एकदा मीच गोंधळलो तर म्हणाला, "बावीसला तुझ्यात दोन हायत की. सकाळचं येक, गोरज येक." मी उडालोच. पुढं त्याच्या घरी दिनदर्शिका बघितली. मुहूर्ताच्या तारखांना लाल गोल, आणि काही गोलांच्या पुढं दोन दिवसांनी पेन्सिलीचे बारीक आकडे. तिसऱ्या जागेचे. लगीनसराईत तो दर महिन्याच्या फेरीवर थांबत नव्हता तर. लग्न झालं की दोन दिवसांनी एकटाच डोहावर येऊन जात होता, आणि मला पत्ता नव्हता. मला आकड्यांतलं काही कळत नाही, पण लाल गोलानंतर शून्य लिहिलेलं कुणालाही कळतं. "हे काय रं?" मी विचारलं. "आपलं असंच," तो म्हणाला. "अजून नक्की न्हाई."

नक्की का नाही, हे त्यानं त्याच्या पद्धतीनं समजावलं. चातुर्मासात लग्नं बंद होतात आणि डोहात वस्ती परत येते. पण तेव्हा पाऊसही असतो. मग ओढा सुधारला तो माझी ताटं थांबली म्हणून, का पावसानं धुतला म्हणून? "तुझ्यावर उगंच आळ नगं," तो म्हणाला. बघा हा माणूस. माझ्या पाइपाखाली उभा राहून तो माझ्याच बाजूनं शंका काढत होता. त्याला असा महिना हवा होता की लग्नही नाही आणि पाऊसही नाही. असा महिना पंचांगात कधीतरी येतो. तिथींचा मेळ घालायला दर तीनेक वर्षांनी एक महिना जादा घालतात, त्याला आम्ही धोंड्याचा महिना म्हणतो. जावयांची चंगळ, पुरणाचे धोंडे, अनारसे, आणि लग्नाला मात्र सक्त बंदी. तो महिना ज्येष्ठात पडला तर भर उन्हाळ्यात कार्यालयाला कुलूप. आठ वर्षांपूर्वी तसा पडला. जावई नव्हते एवढा जिल्ह्यात खूश एकटा गौतम होता.

त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्यानं मला घरी बोलावून सूक्ष्मदर्शकापुढं बसवलं. "बघ." एका थेंबात काचेसारखी आरपार दिसणारी एक बया झटके देत उड्या मारत होती. एकच काळा डोळा, आणि पोटात अंडी दिसत होती. "ही डॅफ्निया. पान्यातली पिसू म्हन. तुझ्या डोहातली हाय. एकतीस घावल्या. वैशाखात येक नव्हती."

"मग चांगलं हाय की!"

"चांगलंच हाय," तो म्हणाला आणि काच पुसत राहिला. मग म्हणाला, "ह्या महिन्यात तुझ्यात लगीन न्हाई न्हवं?"

बस्स, एवढंच. ना उपदेश, ना तक्रार. मी म्हणालो, "पुढच्या लग्नाला त्यास्नी पन पत्रिका धाडतो." तो हसला, पण हसून झाल्यावर वहीत लिहिताना म्हणाला, "एकदा दिसलं ती गंमत, संपत. दोनदा दिसलं तर नोंद."

मी काय करायला हवं होतं ते शेंबड्या पोरालाही कळेल. तेलकट पाणी अडवायला एक टाकी, तिच्यापुढं शोषखड्डा. मी दुसरंच केलं. पुढच्या सराईआधी कार्यालयामागं जमिनीवर सिमेंटचं झाकण बसवलं, चांगलं वीतभर जाड, वर लोखंडी कडी. खाली काय होतं? माती. त्या मातीखाली माझा जुना पाइप, पहिल्यासारखाच ओढ्याला निघालेला. खड्डा पुढच्या वर्षी काढू म्हणालो, झाकण तर तयार ठेवू. आणि माझा स्वभाव बघा... नुसतं झाकण बसवून मी थांबलो नाही, त्याचं उद्घाटन ठेवलं. झेंडूच्या माळा, जिलेबी, बँड. गौतम नारळ फोडत नाही म्हणून त्याच्या हातानं फीत कापून घेतली. पाचशे लोक होते. बरं, पन्नास. फीत कापून त्यानं टाचेनं झाकणावर दोनदा ठोकलं. पोकळ जागेवरचं झाकण घुमतं. हे घुमलं नाही. मी त्याच वेळी बँडवाल्याला खूण केली. त्या गोंगाटात गौतम माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "झाकान लय मजबूत झालंय."

त्यानंतरही तो डोहावर येत राहिला. मी सोबत कमी जायला लागलो, गुडघ्यांचं कारण सांगून. गुडघे त्या वेळी ठणठणीत होते. पुढं खरंच गेले, थापेचा एवढा गुण येतो. मी वाट बघायचो, की हा कधीतरी भांडेल, चार शिव्या देईल, म्हणजे मीही उलट ओरडेन की सगळं गाव सोडतंय, माझ्या एका पाइपानं काय होतंय! हे उत्तर मी घासूनपुसून तयार ठेवलं होतं. त्यानं मला ते वापरूच दिलं नाही. तो पुढच्या तशाच महिन्याची वाट बघत होता. मधे धोंड्याचे महिने येऊन गेले, पण एक आश्विनात आणि एक श्रावणात, दोन्ही पाण्यापावसाचे, त्याच्या उपयोगाचे नाहीत. करोनाच्या उन्हाळ्यात लग्नं बंद पडली तेव्हा तो उड्या मारायचा बाकी होता, पण त्याच्या गल्लीच्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकलेले. "आयला, ह्याच्यापरीस चांगला महिना गावायचा न्हाई आनि मी खिडकीत," असं फोनवर म्हणाला. एवढा चिडलेला मी त्याला दुसऱ्यांदा ऐकला नाही.

मग त्याची मूत्रपिंडं थकली. "माझीच जाळी फाटली," म्हणायचा. उपचारांसाठी सुजितनं त्याला माधवनगरला आपल्याकडं नेलं. जाण्याआधीची शेवटची नोंद त्यानं माघातल्या लग्नांनंतर केली. तो वारला त्याच्या दोनेक आठवडे आधी मी तिकडं भेटायला गेलो. कराड ते सांगली एसटीत मी माझा कबुलीजबाब पाठ करत होतो. कासेगाव येईपर्यंत त्याच्या चार आवृत्त्या झाल्या होत्या. एकीत कंत्राटदारानं फसवलं होतं, एकीत खाली काळा खडक लागला होता, एकीत चक्क नाग निघाला होता. सांगली आली तेव्हा माझाच माझ्यावर विश्वास उरला नव्हता आणि मी ठरवलं, साधं सांगायचं. तो खिडकीशी पडला होता, अर्धा झालेला. इथं भागायला काही नव्हतं, खरोखर अर्धा. वहिनी पाणी आणायला आत गेल्या.

"गौतम, येक सांगायचं हुतं. ते झाकान..."

"व्हय, त्येचंच म्हननार हुतो," तो म्हणाला. श्वास घ्यायला थांबला. "त्येच्याखाली खड्डा आत्ता काढू नगं."

मी स्टूल जवळ ओढलं.

"अधिक ज्येष्ठ येतोय. आठ वर्सांनी. मधीच खड्डा काढलास तर आकडा कशानं सुधारला ते कळायचं न्हाई. अमुशा होऊंदे. मग खुशाल काढ."

"तुला म्हाईत हुतं?"

"आरं, मी मोजत हुतो की."

"मग रागावला न्हाईस कवा?"

"रागावून आकडा बदलतोय व्हय?" तो म्हणाला, आणि डोळे मिटले. वहिनी पाणी घेऊन आल्या. आम्ही दोघं गप्प बसलेले बघून त्या घाबरल्या, कारण आयुष्यात त्यांनी मला असं बघितलं नव्हतं.

त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, मंडळी पांगली, आणि विमल वहिनींनी माझ्यापुढं एक पत्र्याची पेटी ठेवली. आत सूक्ष्मदर्शक, वही, घडी घातलेली जाळी. "आवं भावजी, ह्यांनी सांगितलंय, धोंड्याचा महिना लागला की बाटल्या तुमी भरायच्या." मी म्हणालो, वहिनी, कुणी शिकलेला माणूस बघा, मला शिंतोडा आणि डॅफ्निया यातला फरक कळत नाही. त्या म्हणाल्या, "मी बी तेच म्हनलं. तर म्हनाले, त्यानं ती एकदा बघितलीया, इसरायचा न्हाई." मग पदर सारखा करत, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आनि म्हनाले, ह्या वक्ताला त्येचा आकडा भागू नका."

गेला महिनाभर मी डोहावर जातोय. कार्यालयाला कुलूप आहे. काठीच्या आधारानं उतरायचं, दहा बादल्या ओतायच्या... एकटा माणूस असला की बादल्या फार जड होतात. बोलायला कुणी नसतं, त्यामुळं वास जास्त येतो. सूक्ष्मदर्शक मी वधूच्या खोलीत मांडलाय, तिथल्या आरशाभोवती दिवे बरे आहेत. पहिल्या आठवड्यात काही नाही. दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात हिरवा गाळ आणि लाल अळ्या. दुसऱ्या जागेवर, गावच्या गटाराखाली, आता मोजण्यासारखं काही उरलेलंच नाही. आठ वर्षांत वर नवे प्लॉट पडले, प्रत्येकाचा पाइप ओढ्याला, आणि मला दाट संशय आहे की प्रत्येकाच्या परसात एकेक मजबूत झाकण आहे. माझी लग्नं थांबली तरी डोहाला उसंत मिळावी असा ओढा आता राहिलेला नाही.

आज सकाळी, चौथ्या आठवड्याच्या थेंबांत, एक उडी मारताना दिसली. ओळखली. तोच काळा डोळा. मग दुसरी, मग बऱ्याच वेळानं तिसरी. थेंब संपले. मी बाटली उलटी करून झटकली, काच पुन्हा तपासली, पुन्हा मोजलं. तीन. वही उघडली. माघाच्या पानावर गौतमच्या अक्षरात शून्य होतं, आठ वर्षांपूर्वीच्या पानावर एकतीस. पेन हातात घेऊन मी कितीतरी वेळ बसलो. तीनच्या पुढं नुसता एक काढायचा. गेल्या खेपेचाच आकडा, हुबेहूब, तोही माझ्या नेहमीच्या प्रमाणात. गौतमची आठ वर्षांची वाट फळाला आली असती, त्याची गंमत नोंद झाली असती, आणि हे सगळं बघायला खोलीत आरशातला मी सोडून कुणी नव्हतं.

मी वहिनींना फोन लावला.

"किती हो भावजी?"

"तीन."

मग हळूच, "भागून सांगताय का तसंच?"

"तसंच, वहिनी. न भागता."

"शून्य न्हाई न्हवं पर?"

"न्हाई. शून्य न्हाई."

"लिव्हा मग."

लिहिलं. उद्या अमावास्या. परवा सकाळी माणसं पहारी घेऊन येतील, झाकण उचलतील आणि खालची माती बघून माझ्या तोंडाकडं बघतील. त्यांना सांगायला माझ्याकडं या वेळी गोष्ट नाही. जाळी धुऊन मी वधूच्या खोलीतल्या खिळ्याला टांगली आहे, जिथं लग्नात हार टांगतात. तिच्या टोकातून अजून पाणी ठिबकतंय. खाली मी बादली ठेवली आहे. भरली की ती झाडाला घालायची, मोरीत ओतायची नाही.